नाही म्हणण्याची सोय

सामान्य माणूस म्हणून माझी रीतसर नेमणूक झाली, तिला आता पाच वर्षे होत आली. नेमणुकीचे पत्र आहे, त्यावर संस्थाप्रमुखांची सही आणि शिक्का आहे, आणि बैठकीच्या हजेरीपत्रकावर माझ्या नावापुढे ‘ले पर्सन’ असे छापलेले असते. एकतीस वर्षे कुळगावच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असे सामान्यत्वाचे प्रमाणपत्र मिळावे, याचे घरात कोणाला आश्चर्य वाटले नाही. माझा एक जुना विद्यार्थी आता डॉक्टर आहे. तो म्हणाला, “सर, बाकीचे सगळे आपापल्या ज्ञानामुळे तिथे बसलेत. तुम्ही एकटेच अज्ञानाच्या जोरावर!” त्याने ते थट्टेने म्हटले, परंतु नियम जवळजवळ हेच म्हणतात.

ही समिती म्हणजे माणसांवर जे वैद्यकीय संशोधन व्हायचे असते, ते सुरू होण्यापूर्वी त्याची छाननी करणारी समिती. रुग्णालयात तिला सरसकट एथिक्स कमिटी म्हणतात. मी येथे नीतिसमिती म्हणेन. औषधांच्या चाचण्यांसंबंधीचे २०१९ चे नियम सांगतात की अशा समितीत निदान सात माणसे असावीत, त्यांतली निम्मी तरी त्या संस्थेबाहेरची असावीत, अध्यक्ष बाहेरचाच असावा, एक कायदा जाणणारा असावा, एक तरी स्त्री असावी, आणि एक जागा समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतिज्ञ किंवा धर्मशास्त्री यांपैकी कोणासाठी तरी असावी. तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्री यांना एकाच खुर्चीचे उमेदवार करण्याचे धैर्य फक्त सरकारी नियमांनाच होऊ शकते. शेवटी येतो सामान्य माणूस. गणसंख्येला पाच जण लागतात आणि त्या पाचांत हा सामान्य माणूस असावाच लागतो. मी तापाने अंथरुणाला खिळलो आणि माझ्या जागी दुसरा कोणी सामान्य नसला, तर हृदयरोगतज्ज्ञ, औषधशास्त्रज्ञ आणि वकील यांना चहा पिऊन परत जावे लागते.

बैठकीत जे वाचले ते बाहेर बोलायचे नाही, असे मी लिहून दिले आहे. तेव्हा आमच्यापुढे आलेल्या प्रस्तावांविषयी येथे अक्षरही येणार नाही. पुढे ज्या संशोधनांची नावे घेईन ती सर्व छापून आलेली, कोणालाही पाहता येण्यासारखी आहेत. मला विचार करायचा आहे तो त्या खुर्चीचा. सामान्य माणसाला तेथे बसवून कायद्याला नक्की काय साधायचे आहे?

सोपे उत्तर असे की तो लोकांचा प्रतिनिधी. पण मला कोणी निवडून दिलेले नाही, आणि ज्या लोकांचा मी प्रतिनिधी म्हणावा ते मला ओळखतही नाहीत. सकाळच्या लोकलने मी बैठकीला जातो, तेव्हा ते डब्यात असतात. कर्जत, नेरळ, वांगणीकडून बसून आलेले, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक्स-रे आणि केसपेपर. कोणी टाटाला चाललेला असतो, कोणाची के. ई. एम.ला तारीख असते. (कोर्टाची आणि रुग्णालयाची, दोन्हीकडे आपल्याकडे ‘तारीख’च असते, आणि दोन्हीकडे ती पुढे जाते.) त्यांचा एक दिवसाचा रोज बुडालेला असतो. मला निवृत्तिवेतन आहे, मुलाने काढून दिलेला विमा आहे, आणि एखादा डॉक्टर घाईघाईने बोलला तर ‘जरा थांबा, पुन्हा सांगा’ असे म्हणण्याची मास्तरकीची सवय आहे. मी त्यांच्या वतीने बोलतो असे म्हणणे म्हणजे निव्वळ थाप होईल. तेव्हा हे उत्तर बाजूला ठेवू.

आमच्या गावाच्या नावात ‘कूळ’ आहे. ते वंशाचे कूळ की जमीन कसणारे कूळ, हे स्थलनामांच्या अभ्यासकांनी ठरवावे. ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला मात्र ‘कूळ’ म्हटले की आधी अंगठा आठवतो. १९४८ साली मुंबई राज्याचा कूळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ हे जमिनीचा खरेदीदार मानले गेले. या दोन तारखांच्या मधल्या काळात कितीतरी कुळांनी आपल्या कसणुकीतल्या जमिनी ‘खुशीने’ सोडून दिल्या. कागदावर तशी नोंद आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली, तिचा अहवाल १९५७ साली निघाला, आणि या ऐच्छिक राजीनाम्यांच्या खरेपणाविषयी त्यात शंका घेतलेली आहे. वस्तुतः कायद्याने सावधगिरी घेतली होती. राजीनामा लेखी हवा आणि मामलेदाराने तो पडताळून पाहायला हवा. म्हणजे मामलेदार विचारणार, “खुशीने सोडतोस ना?” आणि कूळ म्हणणार, “होय साहेब.” बाहेर व्हरांड्यात जमीनमालकाचा माणूस उभा. मामलेदाराने कायदा मोडला नाही. कुळाने खोटे सांगितले असेही म्हणता येणार नाही. त्याचा ‘होय’ खरा होता. फक्त त्या ‘होय’च्या शेजारी ‘नाही’ उभा राहू शकत नव्हता.

नीतिसमितीत बसल्यावर मला वारंवार हा मामलेदार आठवतो. समितीविषयी एक गैरसमज असा आहे की ती संशोधनाला संमती देते. समिती कोणाचीही संमती देत नाही, देऊच शकत नाही. ज्याच्या दंडात सुई जाणार त्याचीच संमती. समिती संशोधकाला एवढेच सांगते की अमुक माणसांना अमुक गोष्ट विचारायला आमची हरकत नाही. ‘नुसते विचारण्याची परवानगी!’ असे कोणी म्हणेल. पण विचारणारा आणि बरे करणारा एकच असला, तर विचारण्यातच अर्धे काम उरकलेले असते. बारवीच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरून तापाने फणफणलेले मूल घेऊन एक बाई आली आहे. समोर डॉक्टर आहे, तो चांगला माणूस आहे, त्याने मुलाला तपासले आहे, आणि आता तो म्हणतो आहे, ‘आम्ही एक अभ्यास करतो आहोत, त्यात मुलाला घेतले तर चालेल का?’ या प्रश्नाला ती बाई काय उत्तर देईल हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे आणि त्या डॉक्टरलाही माहीत आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक असते तो प्रश्न नसतो. म्हणून समितीने पाहायचे ते हे, की या बाईला ‘नाही’ म्हणण्याची सोय आहे का. आणि सोय करता येण्यासारखी नसेल, तर हा प्रश्न तिला विचारावाच का.

सोय हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. हक्क तर प्रत्येक संमतिपत्रात लिहिलेला असतो. ‘आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक आहे’ हे वाक्य नाही असे संमतिपत्र अजून माझ्या पाहण्यात आलेले नाही. ते कितव्या पानावर आहे, एवढाच प्रश्न असतो. भाषेविषयी बोलायला गुप्ततेची आडकाठी नसावी, म्हणून सांगतो. या कागदांचे मराठी इंग्रजीतून आलेले असते आणि वाटेत त्याचे फार हाल झालेले असतात. ‘यादृच्छिक पद्धतीने आपले गटविभाजन करण्यात येईल.’ मराठीचा मास्तर असूनही मी हे वाक्य दोनदा वाचले. त्याचा अर्थ इतकाच, की तुम्हाला नवे औषध मिळेल की जुने, हे चिठ्ठी टाकून ठरेल. डॉक्टरसुद्धा ते ठरवणार नाहीत. मी तसे लिहायला सुचवले तेव्हा एक सदस्य म्हणाले, “चिठ्ठी म्हटले की लोक घाबरतात हो.” मी म्हटले, “घाबरले म्हणजे त्यांना कळले.” त्यावर थोडे हसू झाले आणि चिठ्ठी राहिली. सामान्य माणसाच्या हातून घडणारे काम बहुधा एवढ्याच आकाराचे असते.

कायद्याने अलीकडे कॅमेराही आणला आहे. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बळ स्थितीतल्या माणसाची संमती घ्यायची असेल, तर त्या संभाषणाचे चित्रण करून ठेवावे लागते. एच. आय. व्ही. आणि कुष्ठरोग यांवरच्या औषधांपुरता नुसता आवाज चालतो. चेहरा दिसू नये एवढी दया नियमांनी दाखवली आहे. हे चांगलेच झाले. पण कॅमेऱ्याने ‘होय’ अधिक स्पष्ट टिपला जातो, इतकेच. व्हरांड्यातला माणूस त्या चौकटीत येत नाही.

मुंबईत हा प्रश्न नवा नाही. १८९६ साली प्लेग आला, हाफकिन यांनी काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तेथल्या ज्या कैद्यांनी तयारी दाखवली त्यांना ती टोचली, आणि टोचलेले व न टोचलेले यांची तुलना केली. लस उपयोगी ठरली. त्या काळी नीतिसमिती नव्हती. एका माणसाच्या विवेकाने तिचे काम केले, आणि आधी स्वतःचा देह पुढे केला म्हणून आपण त्या विवेकाला नमस्कार करतो. मीही करतो. तरीपण स्वतः धोका पत्करल्याने दुसऱ्याला धोक्यात घालण्याचा अधिकार मिळतो का? हाफकिन यांना ‘नको’ म्हणता आले असते, ते त्या घराचे मालक होते. कैद्याचा ‘हो’ किती वजनाचा धरायचा, हे तुरुंगाच्या भिंती ठरवत होत्या. आजच्या नियमांत कैद्यांना दुर्बळ स्थितीतली माणसे म्हटले आहे, ते उगीच नव्हे.

विवेकावर सगळे सोडून भागत नाही, हे जगाला पुढे फार महागात शिकावे लागले. न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर १९४७ साली दहा कलमांची संहिता आली, १९६४ साली हेलसिंकीचा जाहीरनामा आला, आणि त्याच्या १९७५ च्या सुधारणेत स्वतंत्र समितीची कल्पना आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पहिले निवेदन १९८० साली काढले. सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे २००० साली, आणि हल्ली चालतात ती २०१७ ची. पण कागद येतो म्हणून काम थांबते असे नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे उपदंश झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना १९३२ पासून १९७२ पर्यंत नुसते पाहत ठेवले होते, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही. आपल्याकडे दिल्लीत, खुद्द संशोधन परिषदेच्याच एका संस्थेत, १९७६ ते १९८८ या काळात गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल दिसू लागलेल्या ११५८ स्त्रिया अशाच निरीक्षणाखाली होत्या. त्यांतल्या काहींना प्रत्यक्ष कर्करोग झाला, आणि हे १९९७ साली बाहेर आले. लेखी संमती घेतलेली नव्हती. ही उदाहरणे इतकी उघड आहेत की त्यांच्यावर विचार करण्यासारखे फारसे काही नाही. राग येतो आणि आपण दोषमुक्त होतो.

खरी कठीण उदाहरणे ती, ज्यांत कोणी दुष्ट नाही. तसे एक महाराष्ट्रात घडले आहे, आणि मी त्यावर बरेच दिवस घालवले आहेत.

मुंबईत १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठी चाचणी सुरू केली. झोपडवस्त्यांतल्या पस्तीस ते चौसष्ट वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रिया. त्यांचे वस्त्यांप्रमाणे दोन भाग केले. एका भागात चार आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी तपासणी करणार. तपासणी अगदी साधी, पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे एका परीने व्हिनेगर, लावून डोळ्यांनी पाहण्याची. दुसऱ्या भागात कर्करोगाची माहिती सांगायची आणि पुढे लक्ष ठेवायचे, तपासणी नाही. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला: तपासणी झालेल्या भागात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिकडे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या रुग्णालयाच्या साहाय्याने अशीच दुसरी चाचणी झाली. तिथे १,३१,७४६ स्त्रिया चार भागांत विभागल्या होत्या. २००९ साली तिचे आकडे आले. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू. काहीच तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आकड्यांतूनच तपासणीचा गुण सिद्ध झाला. पण सिद्ध व्हायला त्या चौसष्ट जणी लागल्या.

एका अमेरिकी डॉक्टरने यावर उघड आक्षेप घेतला. त्याने त्यांच्या देशातल्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार केली, आणि २०१४ साली मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतीविषयक नियतकालिकात त्यावर वाद झाला. त्याचे म्हणणे असे की तपासणीने मृत्यू घटतात हे पाश्चात्त्य देशांना पॅप चाचणीमुळे कित्येक दशके आधीच ठाऊक होते. मग हजारो स्त्रियांना तपासणीवाचून ठेवून पुन्हा काय शोधायचे होते? संशोधकांचे उत्तर असे की पॅप चाचणीला प्रयोगशाळा लागतात, शिकलेली माणसे लागतात, आणि भारतात ते सर्वांना मिळणे शक्य नव्हते. देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. तेव्हा तुलनेच्या भागातल्या स्त्रियांकडून काही काढून घेतले नाही. नाहीतरी त्यांना काही मिळत नव्हतेच.

या सगळ्या वादात माझे लक्ष ‘नाहीतरी’ या शब्दावर खिळून राहते. मराठीतला हा मोठा सोयीचा शब्द आहे. नाहीतरी तो नापासच होणार होता. नाहीतरी ती जमीन पडीकच होती. नाहीतरी म्हटले की जे आहे ते निसर्गाने केलेले ठरते, आपण फक्त शेजारून जात असतो. पण मुंबईच्या झोपडीतल्या बाईला तपासणी न मिळणे हे पावसासारखे नव्हते. परळच्या रुग्णालयात ती तपासणी होत होती. तिथून वस्तीपर्यंत ती पोचत नव्हती, आणि ती न पोचणे ही माणसांनी केलेली गोष्ट होती. गरिबाच्या अभावालाच मोजमापाची पट्टी करायची, आणि त्या पट्टीने आपल्या प्रयोगाचा न्याय मोजायचा, याला माझे मन राजी होत नाही.

मात्र येथे थांबलो तर मी संशोधकांवर अन्याय करीन. त्यांच्यापुढे असलेले सरकार, आकडे दाखवल्याशिवाय पैसा खर्च न करणारे होते. २०१६ साली केंद्र सरकारने तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांसाठी या तपासणीची चौकट आखली, तीत हीच व्हिनेगरची साधी पद्धत आहे. त्या पद्धतीमागे मुंबईतल्या त्या वस्त्यांचे आकडे आहेत हे नाकारता येणार नाही. मग मी त्या समितीत असतो तर काय केले असते? ‘चाचणी करू नका’ म्हटले असते असे वाटत नाही. मी एवढे मागितले असते की तुलनेच्या भागातल्या प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी, तिच्या भाषेत, सांगा: या रोगासाठी एक तपासणी असते, आम्ही ती पलीकडच्या वस्तीत करणार, तुमच्याकडे नाही, तुम्हाला हवी असेल तर अमुक रुग्णालयात, अमुक वारी मिळेल. त्यांना प्रत्यक्षात काय सांगितले गेले आणि ते पुरेसे होते का, हाच वादाचा कळीचा मुद्दा राहिला. संशोधक म्हणतील, असे सांगितले तर काही स्त्रिया जाऊन तपासून घेतील आणि तुलना बिघडेल. बिघडेल खरी. काही स्त्रिया वाचतील म्हणून बिघडेल.

कोणी म्हणेल की मग तुलनाच नको. तसे नव्हे. गडचिरोलीत अभय बंग आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बालकांविषयी जे संशोधन केले त्यातही ३९ गावांत काम आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. त्या तुलनेच्या गावांतली बाळे ‘नाहीतरी’ सरकारी सेवेवरच होती. पण १९९३ साली प्रश्न खरोखरच उघडा होता. गावातली थोडी शिकलेली बाई, आरोग्यदूत म्हणून तयार केली, तिने घरी जाऊन बाळाची काळजी घेतली, वेळ पडली तर जंतुसंसर्गावर इंजेक्शनही दिले, तर बाळे वाचतील की दगावतील, हे जगात कोणाला माहीत नव्हते. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आकडे आले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळांच्या घरी जातात, ती कल्पना याच वाटेने आली. न कळणे खरे असेल, तर चिठ्ठी टाकणे न्याय्य आहे. श्रीमंताला कळलेले आणि गरिबापर्यंत न पोचलेले, याला मी न कळणे म्हणणार नाही.

गडचिरोलीचे उदाहरण मला आणखी एका कारणासाठी अस्वस्थ करते. शहरातल्या एखाद्या समितीपुढे त्या काळी हा प्रस्ताव आला असता, आणि मी त्या सामान्य माणसाच्या खुर्चीत असतो, तर? डॉक्टर नसलेल्या बाईने चार दिवसांच्या पोराला सुई टोचायची! माझा हात ‘नाही’साठी वर जाण्याचा फार संभव आहे. आणि त्या ‘नाही’ने मेलेली बाळे कोणत्याही अहवालात आली नसती. नकार निष्पाप वाटतो, कारण त्याचे परिणाम मोजायला कोणी बसत नाही. नीतिसमितीत बसून नुसते भीत राहणे ही नीती नव्हे, हे मला मान्य आहे. मात्र कुठे भ्यावे आणि कुठे भिऊ नये, हे सांगणारे कलम मला कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वांत सापडलेले नाही.

आता त्या अंगठ्याकडे येतो. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोद्याकडे, याच कर्करोगाच्या विषाणूवरची लस हजारो मुलींना देण्याचा एक प्रकल्प झाला. ‘पाथ’ नावाची अमेरिकी संस्था, राज्य सरकारे आणि संशोधन परिषद त्यात होती. काही मुलींचे मृत्यू झाले, प्रकल्प २०१० साली थांबवला गेला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही; ते वेगळे ठेवू. पण संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात संमतिपत्रांची जी मोजणी दिली ती मी वहीत उतरवून ठेवली आहे. ९५४३ पत्रांपैकी १९४८ वर अंगठे होते, आणि २७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. वॉर्डन म्हणजे मास्तरच की. मुली आश्रमशाळांतल्या, आईबाप दूर पाड्यांवर, आणि कागद सरकारकडून आलेला. मी शाळेत असताना असा कागद आला असता तर मुख्याध्यापकांनी किती मिनिटांत सही केली असती, याचा अंदाज मला आहे. शाळेत आलेल्या सरकारी कागदावर सही न करण्याची सोय असते हेच आम्हाला कोणी शिकवलेले नव्हते. आणि या प्रकल्पाला नीतिसमित्यांची मान्यता होती.

२०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य माणसाची पात्रता दिली आहे. तो समाजातला साक्षर माणूस असावा. गेल्या पाच वर्षांत त्याने आरोग्याच्या क्षेत्रात नोकरीधंदा केलेला नसावा. स्थानिक भाषा आणि रीतभात त्याला ठाऊक असावी. ‘साक्षर’ हा शब्द व्यवहारी आहे. दोनशे पानांचे प्रस्ताव वाचायचे असतात. पण परिणाम असा की ज्यांचा अंगठा उठणार त्यांच्यापैकी कोणी त्या टेबलाशी कधीच बसत नाही. अंगठ्याचा कागद नेहमी सहीवाले मंजूर करतात. त्यात पुन्हा सदस्यांची नेमणूक संस्थेचा प्रमुख करतो, म्हणजे ज्याच्या शेताला कुंपण घालायचे तोच कुंपणाच्या काठ्या निवडतो. आणि निवडलेल्या सामान्य माणसाला लगेच प्रशिक्षणाला पाठवतात. पहिल्या वर्षी मला ‘डबल ब्लाइंड’ म्हणजे काय ते विचारावे लागले. आता मी तो शब्द दुसऱ्यांना समजावून सांगतो, आणि समजावताना माझा आवाज डॉक्टरांसारखा होतो, असे घरच्यांचे म्हणणे आहे. ज्या अज्ञानासाठी मला नेमले ते मुरत मुरत संपत चालले आहे.

मग एखादी कातकरी बाईच समितीवर का घेऊ नये? मी हे एकदा चहाच्या वेळी बोललो. उत्तर आले की ती बोलणार नाही. ते खरे आहे. आमच्या वर्गात पाड्यावरची पोरे दोन-दोन वर्षे तोंड उघडत नसत. त्यांना काही येत नाही असा शेरा पडे. तीच पोरे मैदानात, ओढ्यावर, आपसांत किती बोलत! जागा बदलली की माणूस बोलतो. तेव्हा तिला आमच्या वातानुकूलित खोलीत आणून बसवण्यापेक्षा आमचा कागद तिच्या अंगणात न्यावा, असे मला वाटते. जे रुग्ण नाहीत, ज्यांना त्या दिवशी डॉक्टरकडून काही नको आहे, अशा दहा माणसांपुढे संमतिपत्र मोठ्याने वाचावे. वाचणारा संशोधक नसावा. आणि त्यांनी काय विचारले ते लिहून घेऊन मग समितीने मत द्यावे. लोकांचा सल्ला घ्यावा असे मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे, म्हणजे यात माझे नवे काही नाही. ती माणसे पहिला प्रश्न ‘आम्हाला काय मिळणार?’ हा विचारतील, आणि दुसरा ‘तुम्ही पुन्हा येणार का?’ हा. दोन्हींची उत्तरे संशोधकाकडे असायला हवीत.

हे मी गेल्या बैठकीत लेखी दिले. कोणी विरोध केला नाही. अध्यक्षांनी सूचना चांगली आहे असे म्हटले. एका सदस्यांनी विचारले की त्या दहा जणांना समितीचे सदस्य मानायचे की साक्षीदार, आणि त्यांच्याकडूनही गुप्ततेचे लिहून घ्यायचे का; घ्यायचे तर त्यावर अंगठा चालेल का. सचिवांना जाण्यायेण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा ते हवे होते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो नववा विषय आहे. आठवा विषय समितीच्या नोंदणीची मुदत संपत आल्याचा आहे, आणि तो बहुधा पुष्कळ वेळ खाईल.